शाईशिवाय मत

मतदानाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मी तेव्हा अमेरिकेतल्या नोव्हायला होतो आणि वडिलांचे मित्र बापूकाका सीमेवरच्या नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला. तिथले सिटिझन झाल्यावर काकांनी पहिल्यांदाच मत दिलं आणि नेमका त्यांचा टीव्ही बंद पडला. माझ्या अँटेनावर कॅनडाचं चॅनल दिसायचं, म्हणून निकाल बघायला काका-काकू पूल ओलांडून माझ्याकडे आले.

आकडे येत होते, पण काका आपले डाव्या हाताच्या बोटाकडे बघत बसलेले.

"काय झालं, काका?"

"शाईच लावली नाही रे. मी बोट पुढे केलं, तर केंद्रावरच्या बाईने शेकहँड केला! फुलीसुद्धा पेन्सिलीने मारायची. मत दिल्यासारखं वाटतच नाही."

तेवढ्यात त्यांचा उमेदवार निवडून आला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "माझ्या मताने नसेल."

काकूंनी पर्समधून बॉलपेन काढलं, त्यांचं बोट धरलं आणि नखाच्या मुळाशी रेघ ओढली. टीव्हीच्या निळ्या उजेडात काका ते बोट कितीतरी वेळ वळवून वळवून बघत राहिले. समोर कॅनडा चालू होता, पण ते साताऱ्याच्या शाळेतल्या रांगेत पोचले होते.

मग मीही बोट पुढे केलं.

"तू कुठे मत दिलंस?" काकू म्हणाल्या.

"कुठेच नाही. भारतातलं सुटलं, इथलं अजून मिळालेलं नाही."

काकूंनी माझ्याही बोटावर रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी दिवसभर कॉफीचा कप डाव्या हातात धरून हिंडलो. एकानेही विचारलं नाही, यार.