घासलेटाचा डबा

जळगाव जामोदच्या मोटारस्टँडवर कौशल्याबाई रांगेत होत्या. पुढं त्यांच्या शेजारच्या वामनरावांचा ड्रायव्हर इंद्रभान, कडूबा मिस्त्रीशी बोलत होता.

"मालकाच्या मोटारीची गळकी टाकी झाळली का बे?"

"काल उतरवली, झाळली, आज पहाटं बसवली."

"आतलं पेट्रोल?"

"मालकाच्या ओसरीवर घासलेटाचा रिकामा डबा होता, त्यात काढलं. परत टाकीत वताचं राह्यलं."

"घरात सांगतलं?"

"काऊन सांगू? आता जाऊन वततोच."

कौशल्याबाईंचं नाक सर्दीनं चोंदलेलं होतं. शेजारच्या त्या डब्यातून त्या नेहमीसारख्याच न विचारता सकाळी घासलेट म्हणून बाटलीभर घेऊन आल्या होत्या, अन् ते स्टोत ओतलंही होतं.

"मावशी, सरका पुढं, मोटार लागली," कडूबा म्हणाला.

"मोटार जाऊ दे, कडूबा. तू पळ माह्या घरी. माही सून कोकिळा चहाले स्टो पेटवून राह्यली असन."