मॅडमना माहीत नव्हतं

परळच्या हॉस्पिटलात माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते. त्याचा आवाज पार घोगरा.

"अहो, राकेशभावजी स्कॅन बघून म्हणाले, घशाचा कॅन्सर परत आलाय."

"त्याला सगळंच लगेच कळतं."

"मग डॉक्टर मॅडमना का नाही कळलं?"

"रेडिएशनची सूज आणि कॅन्सर स्कॅनमध्ये सारखेच दिसतात म्हणाल्या. शेकलेल्या घशाचा तुकडा तपासायला काढला तर जखम लवकर भरत नाही. आधी सुजेचं औषध, मग दुर्बिणीने बघू."

"म्हणजे नक्की काही सांगितलंच नाही."

"गेल्या वेळी तोंडावर सांगितलं, 'मला आज माहीत नाही.' एवढ्या मोठ्या डॉक्टर असून, चंपा! त्या रात्री मी गाढ झोपलो."

"आणि आज दुर्बिणीत वाईट दिसलं तर?"

"त्यांनी सांगितलं तर ते खरंच असेल. चल, नाव पुकारलं."