पंचेचाळिसावा डबा

नाही हो काकू, ती तुमची प्लॅस्टिकची बाटली पर्समध्येच राहू दे. नमुना द्यायचा तो या काचेच्या बाटलीत — मी स्वतः धुतलीय, सात वेळा. का म्हणजे? प्लॅस्टिकमधून रसायन उतरतं, हार्मोन्सचा घोळ घालतं, ते लघवीत किती सापडतं तेच तर इथं मोजतात. असतं इतकं कमी, की बाटली जरा इकडची तिकडं झाली तरी आकडा बिघडतो. मला विचारा. आमच्या सासूबाईंना मागच्या महिन्यात मीच बाटली नेऊन दिली. घरात आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांचा नुसता ढीग — गरम भाजी त्यातच ओतायची, आणि मी बोलले की, ‘आम्ही काय मेलो का इतकी वर्षं?’ म्हटलं, थांबा, कागदावर आकडा येऊ दे. आला की — असा आला, की आमचे तपासणीचे सर खुर्चीतून उठले.

कसा आला? आता तुम्ही काही इथल्या नाही, म्हणून सांगते. त्यांची बाटली मी त्यांच्याच एका डब्यात ओतली, दुपारभर त्या खिडकीत उन्हात ठेवली, आणि परत काचेत. हसू नका. घरातले डबे एका दिवसात गेले — मोजून चव्वेचाळीस. पण शरीरातून आलेल्या रसायनावर यकृताची खूण असते, हे मला काय ठाऊक? मी बाटल्या धुणारी बाई. सर म्हणाले, यावर खूणच नाही, हे बाहेरून मिसळलंय, म्हणजे बाटली नीट धुतली नव्हती. अकरा वर्षांत माझ्या बाटलीला कुणी नाव ठेवलं नव्हतं हो. आता नोकरीवरच आलंय.

आज सकाळी सरांनी सासूबाईंना बोलावून विचारलं. मी दाराआड. तर म्हणतात कशा — ‘सुनेला बोलू नका, तिची बाटली स्वच्छच असणार. मीच आधी डब्यात धरलं आणि मग बाटलीत ओतलं.’ साफ खोटं. माझ्या हातचा चहा ज्यांना एकदाही बरा लागला नाही, त्या बाई माझ्यासाठी खोटं बोलल्या. इतकी लाज वाटली मला. आणि बाहेर आल्यावर, चपला घालता घालता, हळूच — ‘डबे पंचेचाळीस होते. एक कुठंय?’

कुठं असणार? या कपाटात, माझ्या एप्रनखाली.

सर आले वाटतं. जा काकू तुम्ही, डावीकडचं दार, झाकण घट्ट लावा. हा डबा घेऊन मला आत सरांपुढे जायचंय.