मागे कोणी नाही

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, आजच्या निरोपाचे सत्कारमूर्ती, आपल्या धावगटाचे कप्तान, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि पहाटे पाचच्या सरावाला न चुकता येणाऱ्या पण संध्याकाळच्या कार्यक्रमाला अर्धा तास उशिरा उगवलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालक बाईंनी मघाशी कानात सांगितलं, "चार चांगले शब्द बोल आणि मानपत्र वाच." चांगले शब्द मोजून चारच आहेत, ते आधी सांगून टाकते. कप्तान वेळेचे पक्के आहेत.

टाळ्या जपून वाजवा, पुढे लागतील.

न पळणाऱ्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. मॅरेथॉनमध्ये काही जण पाठीला झेंडा लावून पळतात, त्यांना पेसर म्हणतात. झेंड्यावर वेळ लिहिलेली असते, बरोबर तेवढ्या वेळात ते शर्यत पुरी करतात. सर्वांत शेवटचा झेंडा सहा तासांचा, आणि तो अकरा वर्षं आपल्या कप्तानांच्या पाठीवर आहे. या शेवटच्या झेंड्याला एक अधिकार असतो. त्याने 'मागे कोणी नाही' म्हटलं की पाण्याची टेबलं उठतात, रस्ता गाड्यांना मोकळा होतो. शेवटी तसं लिहून सही दिली की शर्यत संपते तिथली कमानही उतरवतात. तीन शब्द. केवढी ताकद आहे पाहा!

या वर्षी त्या झेंड्याबरोबर माझी धाकटी जाऊ होती. ती दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या घडवते. दिवसभर स्टुलावर, मान खाली. घरात कोणी तिला पळताना बघितलं नव्हतं. दिरांनी तर विचारलं होतं, "कोण मागे लागलंय तुझ्या?" तरी ती वर्षभर पळाली. कप्तान तिला म्हणाले होते, "झेंड्याला चिकटून राहा, बाकी माझ्यावर सोडा." तिने सोडलं. तिचा स्वभावच तो. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं.

एकोणतिसाव्या किलोमीटरला तिला स्वच्छतागृहात जावं लागलं. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

आता मला सांगा, आपल्यात 'तुम्ही व्हा पुढे' म्हटल्यावर कोणी पुढे होतं का? दारात चपला चढवतानासुद्धा आपण दहा वेळा म्हणतो, आणि समोरचा दहा वेळा थांबतो. उद्या जेवताना कोणी 'नको, पुरे' म्हटलं, तर कप्तान ताट उचलून घेऊन जातील काय? पण ते पुढे झाले. झेंडा सहा तासांना पोचायला हवा होता ना! अकरा वर्षांत एका मिनिटाचाही उशीर नाही. मघाशी अध्यक्षांनीही त्याचा गौरवाने उल्लेख केला.

चौतिसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर मी होते. मी स्वतः पळत नाही, गुडघे नाही म्हणतात. मी केळी कापते, पेले भरते आणि घसा बसेपर्यंत ओरडते. कप्तान आले. झेंड्याला चिकटून सात-आठ जण होते, त्यांत आमची धाकटी नव्हती. मी विचारलं, "अहो, आमची कुठाय?" ते न थांबता म्हणाले, "बसली असेल गाडीत. मागे कोणी नाही, आवरा!"

थकलेल्यांना गोळा करणारी गाडी थोड्याच वेळापूर्वी गेली होती. मी 'बसली' एवढंच ऐकलं. 'असेल' माझ्या कानावरून गेलं.

म्हणून मीही काही साव नाही. टेबल मी आवरलं. पेले एकात एक मी घातले. उरलेलं पाणी गटाराच्या जाळीवर मी, माझ्या या हातांनी ओतलं. पंधरा मिनिटांनी ती तिथे पोचली. "ताई, रस्त्यावर नुसता ओला डाग होता," ती मला नंतर म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सहज, भाजी निवडता निवडता. मी तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत गेले.

पुढचे आठ किलोमीटर ती गाड्यांच्या हॉर्नमधून पळाली. पाणी नाही, बाण दाखवणारे स्वयंसेवक नाहीत. शेवटी मैदानात शिरली, तर कमान जमिनीवर आडवी. त्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढायला एक कामगार तिच्यावर चालत होता. ही म्हणाली, "दादा, जरा बाजूला व्हा, एवढं ओलांडू द्या." तो बाजूला झाला. सगळेजण कमानीखालून जातात, माझी जाऊ कमानीवरून गेली. त्या भल्या माणसाने घड्याळ बघितलं आणि खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने लिहून दिलं: सहा तास चोवीस मिनिटं.

मुदत साडेसहा तासांची होती. म्हणजे तिची शर्यत रीतसर पूर्ण झाली होती. पण निकालात तिच्या नावापुढे लिहिलंय, 'अपूर्ण'.

आयोजकांनी तो पुठ्ठा बघितला. ते भांडले नाहीत. म्हणाले, "पेसरची सही आहे, मागे कोणी नाही. त्यांनी लेखी दुरुस्ती दिली तर आजही निकाल बदलतो." मी तीनदा कप्तानांच्या घरी गेले. तिन्ही वेळा वहिनींनी चहा दिला, त्या चहाला माझा नमस्कार. कप्तान म्हणाले, "एका पदकासाठी एवढं काय? पुढच्या वर्षी पळेल की! माझं अकरा वर्षांचं नाव आहे."

खरं आहे. तुमचं नाव अकरा वर्षांचं. तिच्या नावापुढे एकच शब्द आहे, आणि तोही तुम्ही दिलेला. पुढच्या वर्षी पळेल म्हणता? तिचे बूट तीन महिने माळ्यावर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी काढायला गेले तर म्हणाली, "राहू द्या ताई, मागून येणाऱ्याची वाट कोण बघतं?"

आता मानपत्र. माझं अक्षर बरं म्हणून ते लिहायला माझ्याकडे आलं. समितीच्या मसुद्यात तिसरं वाक्य होतं, 'यांनी कधीही कोणाला मागे सोडले नाही.' दौत होती, टाक होता, हात वळला नाही. बाकी सगळं लिहिलंय, कप्तान. तुमची शिस्त, तुमचा आवाज, हिवाळ्यातल्या अंधारात तुम्ही आम्हाला उठवलंत ते. सगळं खरं आहे म्हणून लिहिलं. ती एक ओळ कोरी आहे.

मानपत्राखाली एक साधा कागद ठेवलाय. त्यावर एकच वाक्य आहे, 'माझ्या मागे एक धावपटू होती.' खाली सहीला जागा आहे, शेजारी पेन आहे. उद्या सकाळी तुम्ही हे गाव सोडताय. त्या कागदावर सही झाली, तर कोरी ओळ मी इथेच, सगळ्यांसमोर, सुवाच्य अक्षरात भरीन. 'चुकले, तेव्हा मागे वळले', असं लिहीन. यापेक्षा मोठं मानपत्र मला तरी सुचत नाही. सही नाही झाली, तर फ्रेम कोऱ्या ओळीसकट भिंतीवर लावा.

येताना जाऊ मला म्हणाली होती, "ताई, तमाशा करू नका हं." मी म्हटलं, "तमाशा कसला, भाषण करतेय." ती म्हणाली, "मग मी येते, पण मागे बसते."

मला बोलावल्याबद्दल समितीचे आभार. पुन्हा बोलावतील असं वाटत नाही. माझे शब्द कोणाला लागले असतील, तर ज्यांना लागायला नको होते त्यांनी चूक पदरात घ्यावी. आता सूत्रसंचालक बाई विचारतील, अजून कोणाला बोलायचं आहे का. कप्तान, त्यांना 'कोणी नाही' असं सांगण्याआधी एकदा शेवटच्या रांगेकडे बघा.