आधी घागरी, मग हौद

बसा हो सगळे, खुर्च्या सरकवू नका. मिलिंदची बायको संगीता समोर बसली आहे, आई बसली आहे. त्यांच्यादेखत बोलायचं म्हणजे जीभ उचलत नाही. नववीत मी या पोराला इंग्रजी शिकवलं. त्याच्या शोकसभेत मी बोलावं, हा काय न्याय झाला? रडूच येत होतं मला. पण आतापर्यंतची चार भाषणं ऐकली आणि रडू पळालं. राग आला. तेव्हा रागानंच बोलते.

आपल्या जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष म्हणाले, मिलिंदनं उदगीरचं नाव आशियाभर नेलं. कशात नेलं हो, अध्यक्ष? सांगा की. माईक देऊ?

नाही माहीत. मग ऐका. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून तो घरोघर नेट द्यायचा, एवढं तुम्हाला ठाऊक आहे, कारण बंद पडलं की शिव्या तुम्हीच द्यायचात. नेटवर प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो. आकड्यांचा. हे पत्ते वाटणारी आशियाची एक संस्था आहे आणि तिच्याकडचे जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले होते. मोठ्या कंपन्यांनी आधीच पोती भरून नेले. आमच्या मिलिंदकडं मोजके, तेही दुसऱ्याकडून घेतलेले. म्हणून अख्खी गल्ली एका पत्त्यावर. कुणा एकानं काही उपद्व्याप केला आणि शिष्यवृत्तीच्या साइटनं तो पत्ताच बंद केला. गल्लीतल्या सगळ्या पोरींचे फॉर्म अडकले. त्या मिलिंदच्या दुकानात येऊन रडल्या, तेव्हा हा माझ्याकडं आला.

"बाई, त्या संस्थेचे नियम मंत्री करत न्हाईत. साहेब बी करत न्हाई. कुणी बी सूचना लिहावी, सगळ्यांला मेल जातो त्या यादीवर टाकावी, सभेत बोलावं. मतदान न्हाई. बहुतेकांना पटलं की नियम होतो."

मी म्हटलं, "उदगीरच्या माणसाचं कोण ऐकतंय रे?"

"ऐकतेत बाई. पर बोलावं लागतं."

दुष्काळाचं वर्ष होतं. आठवतंय ना? लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आपण टँकरच्या मागं पळत होतो. मिलिंदच्या गल्लीत त्याच्या आईनं नियम लावला होता: आधी घागरी, मग हौद. प्रत्येक घराच्या घागरी भरल्याशिवाय कुणाच्या हौदात पाइप सोडायचा नाही. त्यानं सूचनेत तेच लिहिलं. उरलेले पत्ते आधी त्यांना, ज्यांना अजून एकही मिळाला नाही. इंग्रजी मी तपासलं. यादीवर कुणीतरी विचारलं, घागर म्हणजे काय? आम्ही फोटो पाठवला. लई हसला होता त्या दिवशी.

दोघांनी विरोध केला. पाठिंब्याला हा एकटा. मग तो तुमच्याकडं आला. काय मागितलं त्यानं? ज्यानं त्यानं आपल्या नावानं एक ओळ मेल करावी. बस. आणि तुम्ही काय केलंत? निवेदन! नव्या जिल्ह्याच्या मागणीचं निवेदन निघालंच होतं, त्यातच एक कलम घातलंत. सह्या घेतल्यात. तहसीलला दिलंत, फोटो काढलात आणि शिक्का मारलेली पोच मिलिंदच्या हातात ठेवलीत. म्हणालात, "तुझं काम झालं बग." आशियाच्या संस्थेचं काम उदगीरच्या तहसीलला! तहसीलदारानं त्या कलमाचं काय लोणचं घालावं? जिल्हा मागता, जिल्हा. आधी एक ओळ लिहायला शिका.

तरी त्यानं तुम्हाला सोडलं नाही. त्यांची सभा ऑनलाइन होती. दुकानात सतरंजी टाकली, चहा सांगितला. तुम्ही सगळे आलात, त्याबद्दल आभार. चहा संपवलात. मिलिंद बोलला. छान बोलला. मग तिकडच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "अशा गावांतून आणखी कुणाला बोलायचंय का?" त्यानं माईक तुमच्यापुढं धरला. तुम्ही आपल्या अध्यक्षांकडं बघितलंत. अध्यक्ष म्हणाले, "तुमीच बोला." ज्याला त्याला दुसराच दिसत होता. मराठीत बोलला असतात तरी चाललं असतं, मिलिंदनं सांगितलं असतं त्यांना. नुसतं 'हाव, बरोबर आहे' म्हणायचं होतं. ती बाई थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, सहमती दिसत नाही, सूचना परत.

कुणाकुणाला शिव्या देऊ? त्या सतरंजीवर मीसुद्धा होते. इंग्रजी येणारी एकटी मी. जन्मभर पोरांना म्हटलं, उभं राहा, मोठ्यानं बोला. आणि मी चुका होतील म्हणून गप्प बसले. मिलिंदनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि माईक खाली ठेवला. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यानं सूचना दुरुस्त केली. पुन्हा पाठवणार होता, तेवढ्यात काळजानं दगा दिला. परवा संगीतानं ती पाठवली आणि चर्चेला आली आहे. त्याच अध्यक्षबाईंचं उत्तर आलं. दुःख कळवलंय आणि विचारलंय, तिथून कुणी बोलेल का?

आता अध्यक्ष दोन मिनिटं उभं राहायला सांगतील. मी राहणार नाही. ती दोन मिनिटं आपण त्याच्या दुकानात पाळली आहेत, तो जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांसमोर. आणखी नकोत.

त्याचा लॅपटॉप संगीतानं इथं टेबलावर उघडून ठेवलाय. फुलं बाजूला ठेवा आणि रांगेनं या. मराठीत सांगा, इंग्रजी मी करते. पहिली ओळ माझी. चुकली तर चुकली.

रोज सकाळी दुकान उघडताना तो मला हाक मारायचा. आज मी मारते. मिलिंद, जयभीम रे बाळा.