पिवळ्या लुगड्याची बाळुती

(मॉरिशस, तेर रूज गाव. मागच्या अंगणात धुण्याचा दगड, टब. दोघी जावा: थोरली चंद्रावती, धाकटी वत्सला, तान्ह्या बसंतीची आई.)

वत्सला : आल्या आल्या बघितलं मी, ताई. बसंतीच्या अंगाखाली हे पिवळं होतं. मी सकाळी ठेवून गेले ती पांढरी बाळुती कुठे आहेत?

चंद्रावती : आज लवकर कशी आलीस?

वत्सला : लिझिनमध्ये, अख्ख्या कारखान्यात, करंट गेला. स्वेटरच्या मशिनी बंद, सगळ्या पोरींना घरी धाडलं. मी विचारलं त्याचं सांगा.

चंद्रावती : खाटेवर आहेत. घडीसुद्धा मोडली नाही.

वत्सला : मग रोज संध्याकाळी टबात ढीग असतो तो कसला?

चंद्रावती : तीच तुझी, न वापरलेली. तुला शंका नको म्हणून भिजवून ठेवते.

वत्सला : म्हणजे कामावरून येऊन मी कंबर मोडेस्तोवर धुतलेलंच धुते. आणि पोर दिवसभर तुमच्या ह्या चिंधीत.

चंद्रावती : चिंधी नाही ती. माझं लुगडं आहे.

वत्सला : तेच म्हणते मी, तुमचं लुगडं. पण मी येते तेव्हा तिला पांढरंच बांधलेलं असतं.

चंद्रावती : नाक्यावर तुझी बस हॉर्न देते ना, तेव्हा बदलते.

वत्सला : वा. आणि ही धुता ती वाळत कुठे घालता?

चंद्रावती : कोंबड्यांच्या खुराड्यामागे.

वत्सला : माझ्याच पोरीचं, माझ्यापासून चोरून. आता कळलं. माझ्याकडे आली की पाय झाडून रडते, तुम्ही घेतलं की गप. शेजारची इंद्राणी तोंडावर म्हणाली, हिची आई कोण ते हिला अजून उमगलं नाही वाटतं. मी हसले, आणि मोरीत जाऊन रडले.

चंद्रावती : इंद्राणीचं तोंड फाटकंच आहे.

वत्सला : ती खोटं कुठे बोलली? जळते मी, ताई. बसमध्ये बसले की तुमच्या मांडीवर तीच दिसते. तिकडे मी दुसऱ्यांच्या पोरांचे स्वेटर जोडायचे, आणि माझी पोर तुमच्या लुगड्याच्या वासात वाढायची. बस झालं. सोमवारपासून ती क्वात्र बॉर्नला, माझ्या आईकडे राहील. मामाँ सांभाळेल तिला.

चंद्रावती : आमच्या ह्यांच्या कानावर घातलंस?

वत्सला : आज घालते.

चंद्रावती : ने मग. पोर तुझी आहे. मामाँला तेवढं सांग, तुझ्यासारखी बाळुत्यांना खळ घालू नको.

वत्सला : खळीचं काय आलं त्यात? आमच्याकडे पांढऱ्याला खळ लागतेच. पप्पा ऑफिसात जायचे तर त्यांचा रुमालसुद्धा उभा राहायचा.

चंद्रावती : रुमाल उभा राहू दे. पोरीनं निजायचंय त्यावर. ही तुझी घडी घे. हात नको, गालाला लाव.

वत्सला : ...टोचतंय.

चंद्रावती : ओलं झालं की चिकटतं, वाळलं की पत्रा. मांड्या बघितल्यास तिच्या?

वत्सला : ते पुरळ? मला वाटलं, तुम्ही नीट पुसत नाही. आमच्या ह्यांना तसंच सांगितलं मी.

चंद्रावती : ठाऊक आहे. भिंत पातळ आहे.

वत्सला : तुम्हांला कधी कळलं?

चंद्रावती : पहिल्याच धुण्याला. दोरीवरनं काढताना करकरलं.

वत्सला : आणि गप्प राहिलात. वर मी यायच्या वेळेला तेच टोचणारं बांधून ठेवत होतात. माझ्याकडे ती रडावी म्हणून?

चंद्रावती : आधी तू रागावशील म्हणून. मग... हो. तुझ्याकडनं रडत यायची, माझ्याकडे गप व्हायची. मला ते गोड लागलं.

वत्सला : तिची कातडी सोलली, आणि तुम्हांला गोड लागलं.

चंद्रावती : लागलं. पण जळणारी तू एकटी नाहीस, वत्सला. तू दिवस भरलेली ह्या अंगणात चालायचीस ना, मी आत जाऊन बसायचे.

वत्सला : लुगडं कुठलं हे?

चंद्रावती : माझ्या हळदीचं. अडुसष्टला, इंडिपेंडन्सच्या साली लग्न झालं माझं. सासूबाई म्हणाल्या, नेसून नेसून मऊ कर, पहिल्या पोराला नवं कापड लावत नाहीत, घरातल्या बाईचं जुनेर लागतं. मी नेसले, फाडलं, कडा शिवल्या, पेटीत ठेवलं.

वत्सला : आणि पेटीतच राहिलं.

चंद्रावती : बसंती येईस्तोवर. सगळी घेऊन जा क्वात्र बॉर्नला. ह्यांत ती रडणार नाही. मामाँकडे नाही, तुझ्याकडेही नाही.

वत्सला : मामाँ ह्यांनाही खळ घालेल. ती कुणाचं ऐकत नाही.

चंद्रावती : मग?

वत्सला : मग काय. टब ओढा इकडे. पांढरी बुडवा त्यात, खळ निघेस्तोवर. पिवळी मी धुणार, एकटी. आणि वाळतील ती पुढच्या दोरीवर, इंद्राणीला दिसतील अशी.

चंद्रावती : आणि सोमवारी?

वत्सला : सोमवारी ती इथंच. पण मनातनं देत नाही मी, सांगून ठेवते. अजून जळतंच आहे.

चंद्रावती : माझंही कुठे विझलंय? साबण दे.

वत्सला : ताई, ती पहिल्यांदा ‘आई’ म्हणेल तेव्हा मी लिझिनमध्येच असेन.

चंद्रावती : म्हणू दे. तू घरी येऊन, स्वतः ऐकून मला सांगेस्तोवर मी ते ऐकलेलंच नसेल.