गॅलरीत ऊन येत नाही हो!

...आणि वर तो नर्सरीवाला मलाच विचारतो, "साहेब, झाडाला काय केलंत?" काय केलंत म्हणजे? गळा दाबला मी गुलाबाचा? अहो, नेतानाच चारचारदा बजावलं होतं, गॅलरीत ऊन येत नाही हो, ऊन! समोरची इमारत इतकी जवळ, की तिकडे कुणी शिंकलं तर आमची आई इकडून "जपा हो" म्हणते. सूर्योदय आमच्याकडे होतो तो फक्त कॅलेंडरवर! तर हा म्हणतो, "डोळे झाकून न्या." नेला. पंधरा दिवसांत गुलाबानंच डोळे झाकले.

आता तुम्ही म्हणाल, एका झाडासाठी एवढा जीव का टाकायचा? तुम्हाला सांगतो, आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जन्मभर शाळेची बाग सांभाळलेली बाई ती, आणि आता तिसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, चालवा, रोज चालवा, नाहीतर कायमच्या बसतील. ती पलंगावरून हलेल तर शपथ! "चालून जाऊ कुठे? ती भिंत बघायला?" एवढं बोलली आणि कूस बदलून झोपली. त्याच दिवशी ठरवलं, ह्या गॅलरीत हिरवं काहीतरी उगवणार म्हणजे उगवणारच!

बायको म्हणाली, "प्लॅस्टिकची आणा, पुसली की झालं." आई पलंगावरून, "मग मलाही पुसून ठेवा कोपऱ्यात!" मेहुणा म्हणाला, "भावोजी, झाडांशी बोलावं लागतं." बोललो! जास्वंद आणली, आठवडाभर तिच्याशी बोललो. काय बोलणार? बाई गं, गॅलरीत ऊन येत नाही... ते तिला माझ्याआधी कळलं होतं, कळ्या गाळून बसली. म्हणून मी पाणी वाढवलं. माया हो, दुसरं काय... मुळं कुजली.

मग म्हटलं, डोकं चालवू. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. तिथला अक्षरांचा तक्ता आणला, गॅलरीच्या कठड्याला बांधला, आणि रविवारी दर तासाला आतून, त्याच एका फरशीवर उभा राहून मोठ्यानं वाचायला लागलो. समोरच्या खिडकीतून काकू ओरडल्या, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" बरं नसायला काय झालं? उजेड मोजत होतो हो, उजेड जितका जास्त, तितकी खालची बारीक ओळ दिसणार! आठ वाजता दुसरी ओळ, दहाला चौथी, बाराला सहावी! सगळं कागदावर लिहिलं आणि निघालो दुसऱ्या नर्सरीत.

तिथे एक बाई, कोपरापर्यंत मातीत. म्हटलं, "बाई, गॅलरीत ऊन येत नाही हो, पण बाराला सहावी ओळ वाचता येते." हसली नाही हो ती! कागद घेतला, वाचला, म्हणाली, "सहावी? मग उजेड आहे की! फुलांचा नाद सोडा. नेचे न्या, मनी प्लांट न्या. कुंडीला खाली भोक हवं. आणि मातीत बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. तुम्ही लाड करणारे दिसता." ओळखलंन की हो!

चार कुंड्या आल्या. आई ढुंकून बघेना. मी आपला रोज बोट खुपसतोय, पाणी आवरतोय, स्वतःला आवरतोय... तीन आठवडे! आणि एका सकाळी दाढी करत होतो, तर हाक आली, "अरे, इकडे ये!" कुठून? गॅलरीतून! वॉकर घेऊन, एकटी, अख्खं घर ओलांडून! तोंडाला फेस तसाच, धावलो, "आई, पडशील!" तर ती नेच्यावर वाकलेली. "गप. हे बघ, नवं पान. मूठ उघडतोय बघ कसा." मी बघितलं हो... पण मला एक ओळ धड दिसेना. चष्मेवाला मी, आणि माझीच काच धुरकट!

आता रोज दहा फेऱ्या मारते. कुंड्या अकरा झाल्यात. परवा मी जरा कौतुकानं बोट खुपसायला गेलो, तर वॉकर आपटलान. "काढ! दोन झाडं खाल्लीस तू!" आता बोला! तेव्हापासून गॅलरीच्या दारात नुसता उभा राहतो, विचारतो, "आई, आत येऊ का?"

तर म्हणते, "नको. आणि दारातूनही हो बाजूला. उजेड अडतो."